होडी हलकी असली तरी ट्रेलर हलक्यात घेऊ नका

शिडाची छोटी होडी ओढून नेणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

लेझर जातीच्या होडीचा नुसता सांगाडा ५९ किलोचा, एंटरप्राइज होडीचा शंभराच्या आत. एवढ्याशा वजनाला काय होतंय, असं वाटणं साहजिक आहे. पण घोळ त्यातूनच होतो. मागे काही जोडलंय हे गाडी चालवणाऱ्याला जाणवत नाही, आणि हलका ट्रेलर स्प्रिंगच्या कडक पाट्यांवर प्रत्येक गतिरोधकाला उडत जातो. जाड अँगल आणि ट्रॉलीचे पाटे मारून घेतलेला ट्रेलर मजबूत दिसतो खरा, पण होडीसाठी तो वाईटच. सगळे धक्के फायबरच्या बुडाला बसतात. आम्ही पाटे वजन विचारूनच बसवतो.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हुकावर येणारा भार. होडी-सामानासह ट्रेलरचं जे एकूण वजन, त्याच्या ५ ते १० टक्के भार टो बॉलवर, म्हणजे गाडीमागे ट्रेलर अडकवायच्या गोळ्यावर, यायला हवा. एकूण २५० किलो असेल तर साधारण १२ ते २५ किलो. मोजायला घरचा वजनकाटा पुरतो. सपाट जागी, चाकांना दगड लावून, काट्यावर लाकडी ठोकळा उभा करा आणि ट्रेलरचं तोंड बॉलच्या उंचीवर त्यावर टेकवा. आकडा कमी आला तर होडी थोडी पुढे सरकवा. अँकर, सुकाणू, डबा-पाणी मागच्या टोकाला कोंबू नका. मागे भार झाला की वेगात ट्रेलर शेपटीसारखा डुलायला लागतो. तसं झालंच तर ॲक्सिलरेटरवरून पाय काढा, स्टिअरिंग सरळ धरा आणि वेग आपोआप उतरू द्या. जोरात ब्रेक मारू नका, वेग वाढवून सावरायला तर मुळीच जाऊ नका.

कपलिंग, म्हणजे ट्रेलरचं तोंड, बॉलवर बसलं की लॉक पिन लावा आणि हँडल धरून वर उचलून बघा. गाडीचा मागचा भाग सोबत उचलला गेला पाहिजे. साखळ्या कपलिंगच्या खालून फुली करून अडकवा, म्हणजे कपलिंग निसटलं तरी तोंड रस्त्यावर आपटणार नाही.

होडी ट्रेलरवर ओढून घ्यायच्या विंचचा पट्टा म्हणजे बांधणी नव्हे. होडीचं पुढचं टोक वेगळं बांधा आणि मध्ये रॅचेट पट्टा टाका. होडीच्या काठावर पट्ट्याखाली जुन्या गालिच्याचा तुकडा ठेवा आणि पट्ट्याला एक पीळ द्या, वाऱ्याने फडफडत नाही. रॅचेट दात-ओठ खाऊन आवळू नका. घरी पोचल्यावर पट्टे सैल करा. उन्हात आठवडाभर ताणून ठेवलेली होडी दबते. डोलकाठी मागे बाहेर येत असेल तर टोकाला लाल फडकं बांधा.

आता आपलं ऊन. टायरची हवा सकाळी, टायर थंड असतानाच तपासा. नवतपात रस्त्यावर हवा वाढलेली दिसली म्हणून काढू नका, टायर थंड झाला की ती कमी पडते. ट्रेलरचे टायर झिजून नाही, उभ्या-उभ्या वाळून जातात. बाजूवरच्या कोडचे शेवटचे चार अंक बघा: ३२१९ म्हणजे २०१९ चा बत्तिसावा आठवडा. भेगा दिसल्या तर नक्षी कितीही शाबूत असो, टायर बदला. स्टेपनी, जॅक आणि ट्रेलरच्या नटांना बसणारा पाना सोबत हवाच. गाडीचा पाना बसेलच असं नाही.

नागपूरहून रामटेकजवळच्या खिंडसी तलावाला निघालात तर कामठी ओलांडल्यावर एकदा थांबा. उलटा हात चाकाच्या हबजवळ न्या आणि मग टेकवा. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल तर बेअरिंग जास्त आवळलंय किंवा ग्रीस संपलंय, पुढे जाऊ नका. तलावावर पोचल्यावर हब थंड होऊ द्या. तापलेला हब गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढून घेते. शक्यतो होडी वेगळ्या ढकलगाडीवरूनच पाण्यात न्या.

डोलकाठी उभी करण्याआधी वर बघा. ॲल्युमिनियमची काठी उच्च दाबाच्या तारेला न लागता नुसती जवळ गेली तरी जीव जाऊ शकतो. काठी उभी असताना होडी जागची हलवायची असेल तर जाण्याच्या वाटेवरही आधी नजर टाका.

कागदपत्रांचं थोडक्यात: मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार ट्रेलर हेही वाहनच आहे. नंबर प्लेट, इंडिकेटर आणि ब्रेक लाइट चालू हवेत.

ट्रेलर न्यायला याल तेव्हा जो गाडी चालवणार आहे त्यालाच सोबत आणा. रिव्हर्स घेताना हात स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला धरायचा. ट्रेलर जिकडे वळवायचा तिकडे हात न्यायचा. ऐकायला सोपं आहे, पण वर्कशॉपसमोर दोन-चार वेळा करून घेतल्याशिवाय आम्ही ट्रेलर सोडत नाही.