छर्ऱ्याच्या बंदुकीचे वजन घटवणे

डोंगराळ वा जंगली मुलखात दीर्घ काळ वाहून नेता यावी म्हणून गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा भार, तिचा समतोल व मजबुती राखून, कमी करण्याची क्रिया. यात दोन भिन्न गोष्टी येतात : मुळातच हलकी घडवलेली बंदूक निवडणे आणि हाती असलेल्या बंदुकीचा नळी, दस्ता वा लोखंडी भागांतील काही अंश काढून टाकणे. प्रस्तुत नोंदीत पहिल्या मार्गाला झुकते माप दिले आहे, कारण दुसऱ्या मार्गाने होणारी बचत सहसा अपेक्षेपेक्षा थोडी आणि धोका मात्र अधिक असतो.

बोअर हे नळीच्या आतील व्यासाचे माप असून त्याचा आकडा वाढला की व्यास घटतो. इंग्रजी धाटणीच्या १२ बोअरच्या दुनळीचे वजन साधारणपणे ३ किग्रॅ.च्या आसपास असते, तर २० बोअरची दुनळी २·५ ते २·७ किग्रॅ.पर्यंत उतरते. १२ बोअरच्या नळीचा आतील व्यास १८·५ मिमी. व २० बोअरचा १५·६ मिमी. असतो, व्यास घटला की नळीबरोबर कळीची पेटी (बार उडवणारी यंत्रणा सामावणारा धातूचा भाग) व दस्ताही आटोपशीर घडवता येतो, आणि म्हणून बोअर बदलण्याने जेवढे वजन कमी होते तेवढे कानशीने कधीच होत नाही. काडतुसांचाही हिशेब येथे धरावा लागतो. ३२ ग्रॅ. छर्ऱ्यांची १२ बोअरची २५ काडतुसे सु. सव्वा किलो भरतात. २० बोअरची तेवढीच काडतुसे एक किलोच्या आत राहतात.

बंदूक किती हलकी असावी याचा जुना दंडक असा, की तिचे वजन छर्ऱ्यांच्या वजनाच्या ९६ पट असावे. २८ ग्रॅ. छर्ऱ्यांना सु. २·७ किग्रॅ., ३२ ग्रॅ. छर्ऱ्यांना सु. ३·१ किग्रॅ. व ३६ ग्रॅ. छर्ऱ्यांना सु. ३·५ किग्रॅ. असे त्याचे कोष्टक होते. हा नियम बर्मिंगहॅमचे बंदूककार विल्यम वेलिंग्टन ग्रीनर (१८३४–१९२१) यांच्या नावावर सांगितला जातो व त्याचा काळ सामान्यतः एकोणिसाव्या शतकाचा अखेरचा भाग मानतात. तथापि १ औंस छर्रे व ६ पौंड बंदूक ही जोडी पौंड-औंसाच्या हिशेबात इतकी सोयीची आहे, की ९६ हा आकडा स्वतंत्र प्रयोगातून निघाला असण्यापेक्षा कारागिरांच्या अनुभवाला ग्रीनर यांनी शब्दरूप दिले असणे अधिक संभवनीय वाटते. नियमाचे मूळ कोणतेही असो, त्यातील तत्त्व पक्के आहे. छर्रे, दट्ट्या (छर्रे व दारू यांमधील बोळा) व वायू यांना मिळणारा संवेग बंदुकीलाही उलट दिशेने मिळतो. तो तेवढाच राहिला तर बंदुकीच्या धक्क्याची ऊर्जा तिच्या वजनाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. म्हणजे ३ किग्रॅ.ची बंदूक २·५ किग्रॅ.वर आणली आणि काडतूस तेच ठेवले, तर धक्का २० टक्क्यांनी वाढतो. म्हणून वजनाबरोबर छर्ऱ्यांचा भारही उतरवणे हा या विषयातला सर्वांत महत्त्वाचा, आणि सर्वांत दुर्लक्षित, भाग होय.

नळी कापण्याचा उपाय लोकांना प्रथम सुचतो. नळीचे बहुतेक वजन कोठ्याकडील, म्हणजे काडतूस बसते त्या टोकाकडील, जाड भागात असते. तोंडाशी पोलादाची जाडी जेमतेम एक मिमी.च्या आसपास उरते. त्यामुळे १२ बोअरच्या दुनळीचे तोंड ५ सेंमी. कापले, तर मधली पट्टी धरूनही साधारण ६० ग्रॅ.च कमी होतात, म्हणजे सव्वा काडतुसाएवढे. उलट नळीच्या शेवटच्या काही सेंमी.मध्ये चोक, म्हणजे छर्ऱ्यांचा पसारा आवरणारा निमुळता भाग, असतो. १२ बोअरच्या पूर्ण चोकमध्ये नळीचा व्यास सु. १ मिमी.ने घटतो; तो तुकडा कापला की छर्रे लवकर फाकतात आणि लांबचा बार वाया जातो. आखूड नळीचा पुरस्कार लंडनचे बंदूककार रॉबर्ट चर्चिल यांनी केला व १९२० च्या दशकात त्यांच्या २५ इंची (६३·५ सेंमी.) नळ्यांच्या दुनळ्या गाजल्या. आखूड नळीने वेग फारसा घटत नाही, हे त्यांचे म्हणणे आता सर्वमान्य आहे. तिने नेम सुधारतो, हा दावा मात्र वादग्रस्त असून लांब नळी अधिक स्थिर झुलते या विरुद्ध मताला खेळातील नेमबाजांचा पाठिंबा दिसतो. शिवाय चर्चिल यांच्या नळ्या मुळातच तेवढ्या लांबीसाठी घडवलेल्या होत्या. लांब नळी कापून आखूड करण्याला त्यांचा दाखला लावता येत नाही. नळी बाहेरून घासून वा आतून पोखरून पातळ करणे तर सर्वथा त्याज्य आहे, कारण बार उडताना सर्वाधिक दाब जेथे येतो तो भाग त्याने दुबळा होऊ शकतो.

दस्ता पोकळ करणे त्या मानाने निर्धोक असते. खांद्याला टेकणारी मागची पट्टी स्क्रू काढून उतरवतात आणि लाकडाच्या शिरांच्या दिशेने लांब गिरमिटाने भोक पाडतात. दस्त्याच्या मनगटाला, म्हणजे मुठीत धरायच्या बारीक भागाला, हात लावत नाहीत, कारण दस्ता तेथेच तडकतो. यातून १५० ग्रॅ. लाकूड निघाले, तर समतोलाचा बिंदू सु. २ सेंमी. पुढे सरकतो. दुनळीचा समतोल, नळ्या ज्यावर उघडतात त्या बिजागरीच्या खिळ्यावर असावा असा संकेत आहे. तो ढळला, की हलकी झालेली बंदूकही हाताला पुढून जड लागते. शिसवी दस्त्याच्या जागी अक्रोडाचा बसवल्यास समतोल साधारण असाच ढळतो. पोकळीच्या आतून जवसाचे तेल चोळून पट्टी घट्ट न बसवल्यास पावसाळी हवेत लाकूड ओल धरते, ही बाब गगनबावड्यासारख्या अतिवृष्टीच्या भागात विशेष जपावी लागते.

विसाव्या शतकाच्या मध्यापासून ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची पेटी प्रचारात आली. पोलादाची घनता ७·८ असताना ॲल्युमिनियमची २·७ व टायटॅनियमची ४·५ असते. स्वयंभरण बंदुकीत काडतुसामागचा अडसर (बोल्ट) नळीच्याच पोलादी शेपटात अडकत असल्याने पेटीवर ताण थोडा येतो व तेथे ॲल्युमिनियम चालते. दुनळीत मात्र काडतुसाच्या बुडाशी पोलादाचा वा टायटॅनियमचा तुकडा बसवावा लागतो.

कोल्हापूर संस्थानात बंदुकीच्या वजनाचा प्रश्न वेगळ्या स्वरूपाचा होता. दरबारी शिकारीत काळवीट पाळीव चित्त्यांकरवी धरले जाई, आणि बंदुकीच्या शिकारीत हत्यार वाहायला माणसे असत. छत्रपती शाहू महाराजांच्या (१८७४–१९२२) काळात दाजीपूरचे रान दरबारचे राखीव शिकारक्षेत्र होते. तेथे १९५८ मध्ये अभयारण्य झाले. आज या जिल्ह्यात वजनाची खरी झळ लागते ती राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड, शाहूवाडी या तालुक्यांतील परवानाधारक शेतकऱ्याला. ऊस वा भाताच्या राखणीसाठी तो रात्री चढ चढून माळ्यावर जातो. त्याच्याकडे ठासणीची बंदूक वा वडिलोपार्जित दुनळी असते. अशा जुन्या दुनळ्यांपैकी काही ६५ मिमी. कोठ्याच्या असतात, त्यांत ७० मिमी.चे काडतूस शिरते, पण उडताना उलगडायला त्याला जागा पुरत नाही व दाब घातक पातळीला जाऊ शकतो. वजनाचा विचार करण्यापूर्वी कोठा मोजून घ्यावा. अशा वाहणुकीत रुंद पट्टा व मोजकी काडतुसे एवढ्यानेच बराच भार हलका होतो. खेळाच्या क्षेत्रात कोल्हापूरचे नाव रायफल व पिस्तुलातील तेजस्विनी सावंत, राही सरनोबत व राधानगरी तालुक्यातील स्वप्नील कुसाळे यांच्यामुळे आहे. छर्ऱ्यांच्या ट्रॅप (हवेत फेकलेल्या तबकड्यांवर नेम) प्रकारात तर मुद्दाम जड बंदूक वापरतात.

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ६ नुसार परवान्याशिवाय बंदुकीची नळी आखूड करता येत नाही. त्याच अधिनियमाच्या कलम १३ मध्ये संरक्षण वा खेळासाठीच्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीच्या नळीची लांबी किमान २० इंच (५०·८ सेंमी.) धरली आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार शिकारीस बंदी असून, कलम ३१ अन्वये मुख्य वन्यजीव रक्षकाच्या वा प्राधिकृत अधिकाऱ्याच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय कोणालाही शस्त्रासह अभयारण्यात शिरता येत नाही. त्यामुळे अभयारण्याच्या कडेला शेत असलेल्या परवानाधारकाला बंदूक बरोबर असताना जवळची रानवाट सोडून बाहेरच्या वाटेने जावे लागते.