‘+’ एक, अर्थ किती?

सी या प्रोग्रामिंग भाषेत प्रत्येक व्हेरिएबलचा टाइप, म्हणजे त्यातलं मूल्य कुठल्या प्रकारचं, हे आपणच लिहून द्यायची सवय असते: हा पूर्णांक, हा दशांश. एमएल नावाच्या भाषेच्या घराण्यातल्या फंक्शनल (फंक्शनांवर बेतलेल्या) भाषांत ही कटकट बरीचशी नाही. आपण फक्त फंक्शन, म्हणजे मूल्य घेऊन उत्तर देणारा कोडचा तुकडा, लिहायचं; टाइप कंपायलर (आपला कोड यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम) शोधतो.

समजा लिहिलं, ‘वाढव क्ष = क्ष + १’. कंपायलर क्षचा टाइप ‘अ’ मानतो, उत्तराचा ‘ब’. ‘+’ला दोन पूर्णांक लागतात, म्हणजे अ पूर्णांक. बेरीजही पूर्णांकच, म्हणजे ब पूर्णांक. शाळेतली एकसामयिक समीकरणंच ही! सगळी अज्ञातं सुटलीच पाहिजेत असंही नाही. ‘तेच क्ष = क्ष’ या फंक्शनला कुठलाही टाइप चालतो, आणि कंपायलर तशी नोंद करतो.

ही युक्ती रॉजर हिंडली यांनी १९६९ मध्ये आणि रॉबिन मिल्नर यांनी १९७८ मध्ये स्वतंत्रपणे मांडली. मिल्नर एडिंबरा विद्यापीठात होते. गणिती सिद्धता तपासणाऱ्या एका प्रणालीसाठी त्यांनी एमएल घडवली होती. या पद्धतीने सर्वांत व्यापक टाइपच मिळतो, हे लुईस दमास आणि मिल्नर यांनी १९८२ मध्ये दाखवलं.

पण ‘+’ला पूर्णांकच लागतात, हे वर आपण बिनबोभाट गृहीत धरलं. २.५ + १.५ चं काय? एकाच चिन्हाला अनेक अर्थ देणं म्हणजे ओव्हरलोडिंग, आणि इथे ते समीकरणांच्या मुळावरच येतं. ‘दुप्पट क्ष = क्ष + क्ष’ यात कुठली बेरीज हे कळायला क्षचा टाइप हवा, आणि क्षचा टाइप तर त्या बेरजेवरूनच काढायचा होता!

एमएल घराण्यातल्याच ओकॅमल भाषेने वादच मिटवला: पूर्णांकांना ‘+’, दशांशांना ‘+.’. दिसायला ओंगळ, पण चोख. त्याच घराण्यातली स्टँडर्ड एमएल काहीच सुगावा नसेल तर पूर्णांक धरून चालते, त्यामुळे तिथली ‘दुप्पट’ दशांश घेत नाही.

हॅस्केल या फंक्शनल भाषेने वापरलेली तोड मला सर्वांत देखणी वाटते. फिलिप वॉडलर आणि स्टीफन ब्लॉट यांनी १९८९ मध्ये ‘टाइप क्लास’, म्हणजे ठरावीक क्रिया करता येणाऱ्या टाइपांचे गट, मांडले. हॅस्केलमध्ये ‘दुप्पट’चा टाइप साधारण असा निघतो: ‘अ हा संख्यांच्या क्लासमधला कुठलाही टाइप असेल, तर अ घ्या, अ देतो.’ नेमकी कुठली बेरीज, हा निर्णय फंक्शन वापरणाऱ्यावर सोडलेला. पडद्यामागे ‘दुप्पट’ला एक छुपा आर्ग्युमेंट (फंक्शनला पुरवलेलं मूल्य) मिळतो: त्या टाइपची बेरीज, वजाबाकी, गुणाकार कसे करायचे याची यादी, म्हणजे ‘डिक्शनरी’. दशांश आला की दशांशांची यादी, पूर्णांक आला की पूर्णांकांची. रस्ट भाषेतले ‘ट्रेट’ याच कल्पनेचे नातलग.

तरी एक जागा अडतेच. हॅस्केलमध्ये ‘रीड’ हे फंक्शन स्ट्रिंगपासून (अक्षरांच्या माळेपासून) मूल्य बनवतो आणि ‘शो’ मूल्याची स्ट्रिंग करतो. दोन्ही जोडून ‘शो (रीड स)’ लिहिलं, तर आत स्ट्रिंग, बाहेर स्ट्रिंग. मधलं मूल्य पूर्णांक की दशांश की तिसरंच काही, याचा पुरावा कुठेच नाही. कंपायलर टाइप संदिग्ध असल्याची एरर देतो, आणि तेवढ्यापुरता टाइप आपल्यालाच लिहून द्यावा लागतो.