नेत्रपृष्ठाचा कर्करोग

डोळ्याच्या पांढऱ्या भागावरील पातळ अस्तर (नेत्रश्लेष्मला) आणि स्वच्छमंडल (बुबुळावरील पारदर्शक पडदा) यांच्या वरच्या पेशीथरात उद्भवणारा कर्करोग. पेशीथरातील पहिल्या बिघाडापासून खोल घुसणाऱ्या स्क्वॅमस (चपट्या पेशींच्या) कर्करोगापर्यंतच्या अवस्थांना ली आणि हर्स्ट यांनी १९९५ मध्ये ‘ऑक्युलर सर्फेस स्क्वॅमस निओप्लेझिया’ असे एकच नाव दिले; तेच आता रूढ आहे. वाढ बहुधा पापण्यांच्या फटीत उघड्या राहणाऱ्या भागात, बुबुळाच्या कडेला सुरू होते. या कडेवर स्वच्छमंडलाच्या मूलपेशी असतात.

सूर्यप्रकाशातील अतिनील किरण हे सर्वांत भक्कम पुराव्याचे कारण. न्यूटन व सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये दाखवल्याप्रमाणे विषुववृत्तापासून दर १० अक्षांश दूर जाताना रोगाचे प्रमाण ४९ टक्क्यांनी घटते : युगांडात दर दहा लाखांत वर्षाला १२ हून अधिक रुग्ण, तर ब्रिटनमध्ये ०.२ हून कमी. झीरोडर्मा पिगमेंटोसम या आनुवंशिक विकारात अतिनील किरणांनी झालेली डीएनएची हानी दुरुस्त होत नाही. अशा रुग्णांत हा कर्करोग लहान वयातही आढळतो.

एचआयव्हीशी असलेला संबंध आफ्रिकेतून पुढे आला. रवांडातून १९९० मध्ये पहिली शंका व्यक्त झाली. युगांडाची राजधानी कंपाला येथे १९७०–८८ या काळात दर दहा लाखांत वर्षाला सुमारे ६ असलेले प्रमाण १९९२ पर्यंत ३५ वर गेले. समशीतोष्ण देशांत हा मुख्यतः वयस्क पुरुषांचा रोग; आफ्रिकेत तो तरुणांत आणि स्त्रियांतही दिसतो. म्हणून तरुण रुग्णात एचआयव्ही चाचणी करावी, असे भारतीय नेत्रतज्ज्ञही सुचवतात.

खरा वाद आहे तो ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस म्हणजे एचपीव्हीबाबत. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात हा विषाणू जवळजवळ नेहमीच सापडतो. डोळ्याच्या नमुन्यांत मात्र काही अभ्यासांत तो एकातही मिळाला नाही, तर काहींत सगळ्यांत मिळाला. तपासणीची पद्धत, नमुन्याची जपणूक आणि प्रदेश यांमुळे एवढी तफावत पडत असावी. पुन्हा निरोगी नेत्रश्लेष्मलेतही विषाणू आढळल्याने तो कारण की निव्वळ सहप्रवासी, हे ठरवणे अवघड होते. १६ आणि १८ या जननमार्गातील प्रकारांखेरीज ५ व ८ यांसारख्या त्वचेवरील प्रकारांचाही संशय घेतला जातो. १६ व १८ हे प्रकार आपल्या ई६ प्रथिनाद्वारे पेशीतील पी५३ हे रक्षक प्रथिन नष्ट करतात, त्यामुळे त्याच्या जनुकात बिघाड होण्याची वेगळी गरज उरत नाही. युगांडातील गाठींत मात्र याच जनुकात अतिनील किरणांची खूण असलेले बदल सापडले. तेव्हा विषाणूची भूमिका असलीच तर ती दुय्यम, आणि तीही प्रतिकारशक्ती खालावलेल्यांत, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

अवयवरोपणानंतरची प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे हाही धोका मानला जातो. धूम्रपान आणि अ जीवनसत्त्वाची कमतरता यांबाबतचा पुरावा तुटपुंजा आहे.

हेरफर्ड जातीच्या गुरांत, विशेषतः डोळ्याभोवती रंगद्रव्य नसलेल्या जनावरांत, असाच कर्करोग होतो. तेथेही उन्हाचा वाटा मान्य आहे, पॅपिलोमा विषाणूचा नाही.