न आलेल्या उत्तरांचा हिशेब

'लिटररी डायजेस्ट' या अमेरिकी साप्ताहिकाने १९३६च्या अध्यक्षीय निवडणुकीआधी मतदारांचा कल जाणून घेण्यासाठी सुमारे एक कोटी चाचणी-मतपत्रिका टपालाने धाडल्या. २३ लाखांच्या आसपास परत आल्या. त्यांच्या बेरजेवरून रिपब्लिकन आल्फ लँडन निवडून येणार, असे जाहीर झाले. प्रत्यक्षात फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी ४८पैकी ४६ राज्ये जिंकली.

याचे कारण बहुतेक वेळा एकच सांगितले जाते: नावे टेलिफोनधारक आणि मोटारमालकांच्या याद्यांतून घेतली, म्हणून गरीब मतदार सुटले. खरे आहे, पण तेवढ्याने भागत नाही. शिकागोत साप्ताहिकाने मतदारयादीतल्या दर तिसऱ्या माणसाला मतपत्रिका पाठवली होती. तिथे यादीला दोष देता येत नाही. उत्तर दिले ते पाचातल्या जेमतेम एकाने, आणि त्यांतले निम्म्याहून अधिक लँडनच्या बाजूचे निघाले. मतदानात मात्र शिकागोने रूझवेल्ट यांना लँडनच्या जवळपास दुप्पट मते दिली. पुढे १९८८ मध्ये राज्यशास्त्रज्ञ पेव्हरिल स्क्वायर यांनी गॅलप या जनमत चाचणी संस्थेची १९३७ची एक पाहणी पुन्हा तपासली. मतपत्रिका मिळालेल्या सगळ्यांनी ती परत धाडली असती, तर निदान विजेता तरी बरोबर ओळखला गेला असता, असे त्यांना आढळले.

गप्प राहिलेले किती आणि बोललेल्यांपेक्षा ते किती वेगळे, यावर ही चूक ठरते. नुसता नमुना, म्हणजे विचारायला निवडलेल्या माणसांची संख्या, वाढवून ती जात नाही. अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ मॉरिस हॅन्सन आणि विल्यम हुर्विट्झ यांनी १९४६ मध्ये सुचवलेला मार्ग मला आजही सर्वात प्रामाणिक वाटतो: उत्तर न देणाऱ्यांतूनच काही घरे निवडायची आणि तिथे माणूस पाठवायचा.

एवढे माहीत असूनही कॅनडा सरकारने २०१० मध्ये जनगणनेची सक्तीची सविस्तर प्रश्नावली काढून ऐच्छिक पाहणी आणली. प्रतिसाद घटणार हे गृहीत धरून पाचातल्या एका घराऐवजी तिनातल्या एका घराला अर्ज पाठवायचे ठरले. सक्तीच्या जनगणनेची जागा ऐच्छिक पाहणी घेऊ शकत नाही, असे स्पष्ट सांगून तिथले मुख्य सांख्यिकी अधिकारी मुनीर शेख यांनी राजीनामा दिला. २००६ मध्ये सुमारे ९४ टक्के असलेला प्रतिसाद २०११ मध्ये ६९ टक्क्यांच्या घरात आला. अकराशेहून अधिक लहान वस्त्यांची आकडेवारी छापण्याजोगीच उरली नाही. २०१५ मध्ये सत्तेवर येताच नव्या सरकारने सक्ती परत आणली आणि २०१६ मध्ये प्रतिसाद ९७.८ टक्क्यांवर गेला. पण त्या वस्त्यांपुरती २०११शी तुलना करायची, तर हाताशी आकडाच नव्हता.