युरिएजचं झाकण: कुलूप-किल्लीपासून हलत्या लूपपर्यंत

चिकोडी, रायबाग, अथणी पट्ट्यात उसाला भरणीआधी युरिया टाकतात. रानात ओल असली आणि माती ओढायची राहून गेली, तर दोन-तीन दिवसांत सरीतून नाकाला झोंबणारा वास येऊ लागतो. तो अमोनिया, म्हणजे पोत्यातलं नत्र हवेत चाललं. अथणीकडच्या चुनखडीच्या काळ्या रानात हे नुकसान जास्त, खानापूरच्या आंबट तांबड्या मातीत कमी. युरिया आपणहून असा फुटत नाही. नुसत्या पाण्यात विरघळवून ठेवला तर तो वर्षानुवर्षं टिकतो. त्याला फोडतं ते मातीतल्या जिवाणूंचं आणि कुजत्या पाल्यातलं युरिएज नावाचं एन्झाइम. एन्झाइमशिवाय ही क्रिया ज्या वेगानं होते, त्याच्या सुमारे एकावर चौदा शून्यं इतक्या पट वेगानं युरिएज ती उरकतं.

हे बघायला प्रयोगशाळा लागत नाही. बैलहोंगल-निपाणीकडं सोयाबीन मुबलक आहे. कच्च्या सोयाबीनचं पीठ युरियाच्या पाण्यात कालवायचं आणि चिमूटभर हळद टाकायची. अमोनिया सुटायला लागला की पिवळं पाणी तांबूस होत जातं. तेच सोयाबीन आधी नीट उकडून घेतलं, तर पाणी पिवळंच राहतं. सोयापेंड पुरेशी तापवली गेली का, हे पशुखाद्यवालेसुद्धा तिच्यात उरलेल्या युरिएजवरूनच तपासतात. उकडल्यानं युरिएजचा कण नाहीसा होत नाही, त्याची घडी, म्हणजे त्याच्या लांब साखळीनं वळून घेतलेला आकार, मोडते. म्हणजे सगळं घडीत आहे. पण ती घडी दगडासारखी पक्की असते की हलती, या प्रश्नावर रसायनशास्त्रानं बराच काळ चुकीच्या बाजूला कौल दिला होता.

सुरुवात १८९४ची. साखरांवर काम करणाऱ्या एमिल फिशरनं मांडलं, की एन्झाइम आणि ते ज्यावर काम करतं तो पदार्थ कुलूप-किल्लीसारखे एकमेकांत बसतात. एक एन्झाइम एकाच साखरेला का हात लावतं, याचं उत्तर त्यातून मिळालं आणि ते इतकं सोपं होतं की शाळेच्या पुस्तकात आजही तेच असतं. मात्र एन्झाइम कशाचं बनलेलं असतं, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हतं.

ते दाखवलं जेम्स सम्नरनं. सतराव्या वर्षी शिकारीतल्या अपघातात त्याचा डावा हात गेला होता, आणि तो डावखुराच होता. एका हाताच्या माणसानं रसायनशास्त्राच्या वाटेला जाऊ नये, असा सल्ला त्याला मिळाला होता. त्यानं तो मानला नाही. १९१७ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात त्यानं युरिएज शुद्ध करायचं मनावर घेतलं. त्यासाठी निवडली जॅक बीन, म्हणजे आपल्या अबईची भावकीच. तिच्या बियांत युरिएज भरपूर. नऊ वर्षं गेली. १९२६ साली पिठाचा ॲसिटोनमध्ये काढलेला अर्क थंडीत ठेवल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली बारीक अष्टफलकी स्फटिक दिसले. ते प्रथिनाचे होते आणि त्यांच्यात युरिया फोडायची ताकद होती. एन्झाइम हे प्रथिन असतं, हे तिथं पहिल्यांदा सिद्ध झालं. जर्मनीतल्या विलस्टेटरच्या गटाला ते पटलं नाही. त्यांच्या मते प्रथिन फक्त वाहक होतं. १९३०मध्ये नॉर्थ्रॉपनं जठरातल्या पेप्सिन या एन्झाइमचे स्फटिक मिळवल्यावर विरोध मावळत गेला, आणि १९४६च्या नोबेलचा अर्धा वाटा सम्नरला मिळाला.

कुलूप-किल्लीच्या कल्पनेला खरा धक्का दिला डॅनियल कोशलँडनं, १९५८ साली. पेशीत एटीपी या ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूचा फॉस्फेट गट साखरेला जोडणारं हेक्सोकायनेज नावाचं एन्झाइम आहे. साखरेच्या जागेत पाण्याचा इवलासा रेणू सहज मावेल, मग एन्झाइम तो गट पाण्याला देऊन एटीपी वाया का घालवत नाही? कोशलँडचं उत्तर असं, की योग्य पदार्थ आल्यावर एन्झाइम स्वतःचा आकार बदलतं आणि तेव्हाच कामाला लागतं. पाण्याला तो बदल घडवता येत नाही. तर्क पक्का होता, पण डोळ्यांनी दाखवता येईल असं काही हाताशी नव्हतं.

दाखवण्याचं साधन आलं प्रथिनाच्या स्फटिकावर सोडलेल्या क्ष-किरणांतून. १९६३ साली मद्रासमध्ये जी. एन. रामचंद्रन, रामकृष्णन आणि शशिशेखरन यांनी प्रथिनाचा कणा कोणत्या कोनांत वळू शकतो आणि कोणत्या नाही, याचा नकाशा काढला. १९६५मध्ये लंडनमध्ये डेव्हिड फिलिप्सच्या गटानं लायसोझाइम या एन्झाइमची रचना उलगडली. एन्झाइमची ही पहिली रचना. प्रथिनात मळसूत्रासारखे आणि पट्ट्यांसारखे सुबक भाग दिसले आणि त्यांना जोडणारे वेडेवाकडे दुवे. हे दुवे म्हणजे लूप.

अडचण पद्धतीतच होती. स्फटिकात अब्जावधी रेणू असतात आणि चित्र मिळतं ते त्या सगळ्यांच्या सरासरीचं. जो लूप प्रत्येक रेणूत वेगळ्या जागी असेल, तो चित्रात पुसट होतो, कधी उमटतच नाही. मग तेवढा तुकडा नकाशातून गाळायचा. यात कोणाचा हलगर्जीपणा नव्हता. पण पुस्तकांत छापली गेली ती स्थिर भागांचीच चित्रं, आणि दोन पिढ्या प्रथिनाला घट्ट गोळा समजत राहिल्या. माझ्या मते या इतिहासातली सगळ्यात महाग पडलेली गोष्ट हीच. जे पुसट म्हणून सोडून दिलं, नेमकं तिथंच काम चाललेलं होतं.

याचा नेटका पुरावा मिळाला ट्रायोज फॉस्फेट आयसोमरेज या एन्झाइमवरून. ग्लुकोजपासून ऊर्जा काढताना आपली प्रत्येक पेशी ते वापरते. त्याची रचना १९७५ साली फिलिप्सच्याच गटानं कोंबडीच्या स्नायूतल्या प्रथिनावरून काढली. त्यात अकरा-एक अमिनो आम्लांचा, म्हणजे प्रथिनाच्या साखळीतल्या तेवढ्या मण्यांचा, एक लूप आहे. पदार्थ आत आला की तो लूप सुमारे ७ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) सरकून वरून बंद होतो. १९९०मध्ये जेरेमी नोल्सच्या गटानं या लूपमधली फक्त चार अमिनो आम्लं कापून टाकली. रासायनिक काम करणाऱ्या आतल्या जागेला हातही लावला नव्हता, तरी वेग जवळपास लाख पटीनं घसरला. शिवाय अर्धवट झालेला पदार्थ बाहेर निसटून त्याचं मेथिलग्लायॉक्सल बनू लागलं, आणि ते पेशीला विषारी असतं. लूप नुसता आडोसा करत नव्हता. कच्चा माल पुरा होईपर्यंत तो आत धरून ठेवत होता.

हाच लूप पुढं आपल्या राज्यातही अभ्यासला गेला. बेंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत एम. आर. एन. मूर्ती आणि पद्मनाभन बलराम यांच्या गटांनी १९९७ साली मलेरियाच्या परजीवीतल्या याच एन्झाइमची रचना प्रसिद्ध केली. २००२मध्ये त्यांना आढळलं, की रेणू आत बसलेला असतानाही परजीवीचा लूप काही वेळा उघडाच राहतो. पदार्थ आला की झाकण लागलंच, हे गणित त्यामुळं तेवढं सरळ राहिलं नाही.

आता पुन्हा युरिएज. सम्नरच्या स्फटिकांत निकेल आहे, हे कळायला १९७५ उजाडलं. ते काम ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडचं. पहिली पूर्ण रचना आली १९९५ साली, तीही अबईच्या भावकीतली नव्हे, क्लेब्सिएला या जिवाणूच्या युरिएजची. तळाला निकेलचे दोन अणू आणि वर दोन मळसूत्रांचं हलतं झाकण. १९९९मध्ये मातीतल्या एका जिवाणूच्या युरिएजची दोन चित्रं शेजारी ठेवता आली. मोकळ्या एन्झाइमचं झाकण उघडं, आणि आत अवरोधक, म्हणजे काम थांबवणारा रेणू, अडकलेल्याचं मिटलेलं. झाकण मिटलं की त्याच्यावरचं हिस्टिडीन नावाचं एक अमिनो आम्ल युरियाच्या जवळ येतं आणि तुटणाऱ्या बंधाला आधार देतं. उघडलं की अमोनिया बाहेर. खुद्द जॅक बीनच्या युरिएजची रचना मात्र २०१० साली निघाली, चेन्नईतल्या मद्रास विद्यापीठात. पहिल्या स्फटिकानंतर तब्बल ८४ वर्षांनी.

याच झाकणावर सिस्टीन नावाचं आणखी एक अमिनो आम्ल असतं. पारा, चांदी असे जड धातू त्याला चिकटले की झाकण नीट हलत नाही आणि निकेल शाबूत असूनही एन्झाइम ठप्प होतं. औषधांच्या दृष्टीनं ही जागा महत्त्वाची आहे. बेळगावच्या दवाखान्यात दुर्बिणीतून जठर तपासताना छोटा तुकडा पिवळ्या जेलमध्ये टाकतात आणि तो गुलाबी झाला का ते बघतात. ही जठरात राहणाऱ्या हेलिकोबॅक्टर या जिवाणूच्या युरिएजचीच परीक्षा. अमोनिया तयार करून तो जिवाणू जठरातल्या आम्लात तग धरतो. प्रोटियससारखे जिवाणू याच एन्झाइमच्या जोरावर मूत्रपिंडात खडे तयार करतात. त्यावर औषध म्हणून असलेलं ॲसिटोहायड्रॉक्सॅमिक आम्ल थेट निकेलला पकडतं, पण त्याचे दुष्परिणाम बरेच. म्हणून निकेल सोडून झाकणच जाम करता येईल का, याचा शोध चालू आहे. त्यातली मेख अशी, की सिस्टीन माणसाच्या इतर असंख्य प्रथिनांतही असतं, आणि औषधानं फक्त युरिएजचंच सिस्टीन ओळखायला हवं.