ओरोंगोचं छत कशावर टिकतं?

ईस्टर बेटाचं नाव निघालं की मोआईंचे, म्हणजे तिथल्या प्रचंड दगडी पुतळ्यांचे, फोटो येतात आणि पाठोपाठ ‘हे परग्रहवासीयांचंच काम’ सांगणारे व्हिडिओ. त्या परग्रहवासीयांना ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेल्या दगडाचं एवढं वेड का, हे मात्र कुणी सांगत नाही. खरी कारागिरी बघायची तर त्याच बेटाच्या, म्हणजे रापा नुईच्या, नैर्ऋत्य टोकाला ओरोंगोत बघावी.

रानो काऊ ज्वालामुखीच्या काठावरचं हे गाव. एका अंगाला सुमारे दीड किलोमीटर रुंद विवर, दुसऱ्या अंगाला खाली समुद्रापर्यंत तुटलेला कडा आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवर पन्नासेक लंबगोल दगडी घरं. वस्ती हंगामी. समोरच्या मोटू नुई बेटावरून सुरय पक्ष्याचं पहिलं अंडं पोहून आणायची शर्यत लागे. ज्याच्या माणसाला ते मिळे, तो वर्षभराचा ‘तांगाता मानू’, पक्षीमानव. 1860च्या दशकात मिशनरी आले आणि प्रथा संपली.

बेटावर इतरत्र घरं गवतानं शाकारलेली असत. या काठावरच्या वाऱ्यात ती टिकणं कठीण, आणि पातळ पदरांत सुटणारा बेसॉल्ट तर जागेवरच मिळतो. त्याच्या लाद्यांची दुपदरी भिंत रचायची, मधे माती आणि दगडांचा भराव. मग प्रत्येक थर खालच्यापेक्षा थोडा आत सरकवायचा. दोन्हीकडचे थर जवळ आले की उरलेल्या फटीवर लांब लाद्या आडव्या टाकायच्या. चुना नाही, लाकूड नाही.

मग लाद्या आत कोसळत का नाहीत? उदाहरणादाखल 60 सेंमी लांब, 40 सेंमी रुंद, 3 सेंमी जाड लादी घ्या. वजन सुमारे 20 किलो. ती 40 सेंमी पुढे काढली तर गुरुत्वमध्य आधाराच्या कडेपलीकडे 10 सेंमी जातो; तिला पुढे उलटवणारं घूर्णबल 20 गुणिले 10. मागे भिंतीवर राहिलेल्या 20 सेंमी शेपटीवर माती घातली, तर तिचा मध्य कडेअलीकडे 10 सेंमीवर येतो. म्हणजे तोलायला निदान 20 किलो माती हवी. सैल मातीचा तो साधारण 17 सेंमी थर झाला. वरची लादी पुढच्या टोकाला दाबत असेल तर आणखी. म्हणून क्रम चुकवून चालत नाही: आधी शेपटीवर भार, मगच पुढचा थर. छतावरची गवताळ माती निव्वळ पांघरूण नव्हे. पावसानं ती वाहून गेली किंवा बाहेरची भिंत फुगून भराव सांडला, की तोल गेलाच. दुसरा धोका वरून चालण्याचा. दगड दाब भरपूर सोसतो, ताण फार कमी. पुढे आलेल्या टोकावर पाय पडला की लादीच्या वरच्या अंगाला ताण येतो आणि ती आधाराच्या कडेशीच तडकते.

सिन्नरच्या गोंदेश्वरासारख्या यादवकालीन देवळांतली गोल छतंही थर पुढे सरकवूनच बंद केली आहेत, फक्त तिथे दगड घडीव. ओरोंगोला ओबडधोबड लाद्यांवर भागवावं लागलं, त्यामुळे खोल्या अरुंद, बुटक्या. दारं तर रांगत शिरण्याएवढीच.

1868 साली ‘टोपेझ’ या ब्रिटिश जहाजावरच्या लोकांनी इथल्याच एका घरातून होआ हाकानानाइआ हा मोआई नेला. सुमारे अडीच मीटर उंचीचा पुतळा अशा दारातून निघणार कसा? घरच फोडलं. तो आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. पडझड झालेल्या घरांची डागडुजी 1970च्या दशकात पुरातत्त्वज्ञ विल्यम मुलॉय यांनी केली. छत पुन्हा रचता येतं. ओरोंगोच्याच माता न्गाराऊ या भागातले पक्षीमानव कोरलेले खडक मात्र कड्याच्या अगदी टोकाशी आहेत, आणि तो कडा झिजतो आहे.