ग्लँडमधून थेंब पडतोय म्हणून पॅकिंग गेलं? नाही भो

जळगाव एमआयडीसी असो की भुसावळकडचा एखादा कारखाना, एक समज पक्का बसलाय की पंपाच्या ग्लँडमधून (फिरता दांडा म्हणजे शाफ्ट जिथून बाहेर येतो तिथलं, पॅकिंग दाबून धरणारं झाकण) पाणी टपकलं म्हणजे पॅकिंग गेलं, घ्या पाना आणि आवळा. तसं नाहीये. दोरीचं पॅकिंग, म्हणजे शाफ्टभोवती गुंडाळून पाणी अडवणाऱ्या दोरीच्या रिंगा, थोडं टपकायलाच पाहिजे, ते पाणीच शाफ्टला वंगण आणि गारवा देतं, साधारण मिनिटाला ४०-६० थेंब, पंपाच्या साइज-स्पीडप्रमाणे कमीजास्त. पार कोरडं केलं की पॅकिंग जळून कडक होतं आणि स्लीव्हवर (शाफ्टवर चढवलेली नळी) चरे पाडतं, मग कितीही नवीन पॅकिंग टाका, धार काय थांबत नाही.

आणि जुन्यावरच पॅकिंगची एक रिंग ठोकून देणं हा तर वेगळाच वैताग! जुनं सगळं काढा, रिंगा एकेक करून बसवा, सांधे ९० अंशांनी फिरवून, लँटर्न रिंग (पॅकिंगपर्यंत पाणी पोचवणारी भोकांची रिंग) पाण्याच्या भोकासमोर आली का बघा, ग्लँडचे नट आधी हातानेच, पंप चालू झाल्यावर दोन्ही सारखे, थोडे थोडे आवळा, मध्ये दम धरा.

मेकॅनिकल सीलचं (दोरीऐवजी एकमेकांवर टेकलेल्या दोन गुळगुळीत चकत्यांनी पाणी अडवणारं) गणित वेगळं, तिथे सतत टपकणं म्हणजे बिघाडच, आणि आवळून काही होत नाही, सील खोलूनच बघावं लागतं.